अधोमुख कर्ण : अपराधभाव आणि निर्धार

मराठी वाचकाच्या मनात कर्णाच्या दोन प्रतिमा शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. मात्र त्या एकमेकींशी क्वचितच बोलतात. पहिली प्रतिमा आरोपीची आहे. रथाचे चाक भूमीने गिळले असता अर्जुनाला धर्मयुद्धाची आठवण करून देणारा आणि कृष्णाच्या प्रश्नांपुढे निरुत्तर होणारा हा कर्ण. मोरोपंतांच्या 'कर्णपर्वा'त कृष्ण कर्णाला त्याच्या धर्माचा ठावठिकाणा विचारतो. तो प्रश्न मराठीत म्हणीसारखा रुळला आणि सभागृहांतून व अग्रलेखांतून आजही उच्चारला जातो. दुसरी प्रतिमा अन्यायग्रस्ताची. जन्मतः टाकलेला, कुळाच्या नावाने पदोपदी हिणवला गेलेला, तरीही दातृत्व आणि मैत्री न सोडणारा हा कर्ण शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) आणि रणजित देसाई यांच्या 'राधेय'ने (१९७३) घरोघरी नेला. पहिल्या प्रतिमेत कर्णाने जे केले ते आहे. दुसरीत कर्णाला जे सोसावे लागले ते आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या मधोमध राहून गेलेल्या एका क्षणाचा विचार करावयाचा आहे. आपल्या अपराधाची जाणीव झालेला अलौकिक वीर त्या जाणिवेसह पुन्हा धनुष्य कसे उचलतो, हा तो क्षण होय.

या दोन्ही प्रतिमा ज्यांनी मराठीत घडविल्या ते तिघेही लेखक एकाच प्रदेशाशी जन्माने जोडलेले आहेत, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवीत नाही. मोरोपंतांचा जन्म १७२९ मधला, पन्हाळगडावरचा. पुढे ते बारामतीस स्थायिक झाले. सावंत आजऱ्याचे आणि देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे. 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली तेव्हा सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. आज वारणानगरसारख्या, पन्हाळा तालुक्यातल्याच एका ठिकाणी पदव्युत्तर वर्गात कर्ण शिकविला जातो, तेव्हा आरोप करणारा कवी आणि कैवार घेणारे कादंबरीकार असे दोघेही जिल्ह्यातलेच असतात. यावरून भूगोलाचा काही सिद्धान्त मांडावयाचा नाही. परंतु एकाच मातीतून निघालेल्या या दोन वाचनांची भेट वर्गात घडवून आणणे हे अध्यापकाचे काम ठरते, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

प्रथम मूळ प्रसंग पाहू. येथे विचारार्थ घेतला आहे तो नीलकंठाच्या टीकेसह प्रचलित असलेला पाठ, कारण मोरोपंतांपासून कादंबरीकारांपर्यंत मराठी परंपरेच्या डोळ्यांसमोर मुख्यतः तोच होता. चाक रुतते, परशुरामाने दिलेले अस्त्र आठवत नाही, आणि कर्ण अर्जुनाला थांबावयास सांगतो. त्यावर उत्तर अर्जुन देत नाही, कृष्ण देतो. द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा, द्यूतात कपट झाले तेव्हा, अनेक महारथींनी मिळून अभिमन्यूला घेरले तेव्हा तुझा धर्म कोठे होता, अशी ती प्रश्नमाला आहे. यानंतर व्यासांनी जे घातले आहे त्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. कर्ण लाजेने मान खाली घालतो आणि काहीही उत्तर देत नाही. मग क्रोधाने त्याचे ओठ थरथरतात, तो धनुष्य उचलतो आणि लढू लागतो.

कर्ण वाक्पटू आहे. सभापर्वात आणि उद्योगपर्वात त्याच्यापाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. विकर्णाला, भीष्माला, कृपाचार्यांना, शल्याला, सर्वांना त्याने प्रत्युत्तरे दिली आहेत. येथेही बचावासाठी त्याच्यापाशी सामग्री कमी नव्हती. रंगभूमीवर कुळ विचारून केलेला अपमान होता, कुंतीने केलेला त्याग होता, इंद्राने कपटाने नेलेली कवचकुंडले होती. यांपैकी एकही गोष्ट तो उच्चारीत नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाने आपण केलेला अन्याय फेडता येत नाही, हे त्या मौनात गृहीत आहे. कर्णाचे आजचे कैवारी त्याच्या वतीने जी उत्तरे देतात, ती कर्णाने स्वतः देण्याचे नाकारले होते.

काव्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर या प्रसंगी वीररसाचा स्थायीभाव जो उत्साह, त्यात व्रीडा या व्यभिचारी भावाचा उदय झाला आहे. भरताने व्रीडेचे जे अनुभाव सांगितले त्यांत मान खाली घालणे आहेच. व्यभिचारी भाव स्थायीभावात उठतो आणि त्यातच विरतो. तो स्थायीला नष्ट करीत नाही. म्हणून लाजेनंतर उत्साह पुन्हा वर येणे हे शास्त्राला धरून आहे. तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. उत्साह परत आला तो लाज विसरून, की लाजेला सोबत घेऊन? कर्ण निर्लज्जपणे लढला असता तर तो केवळ दुर्योधनाचा आणखी एक सेनापती ठरला असता. लाजेने शस्त्र टाकले असते तर त्याची कथा संतचरित्राच्या वळणाने गेली असती. यांपैकी काहीच होत नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग अवघड आहे.

या लाजेचा विषय कोणता, हे पाहण्यासाठी द्यूतसभेकडे वळावे लागते. लोकप्रिय समजुतीत कर्ण त्या सभेत रागाच्या भरात एखादा कठोर शब्द बोलून गेला, एवढेच उरले आहे. ग्रंथातील वस्तुस्थिती याहून कठीण आहे. द्रौपदीच्या प्रश्नावर वृद्ध गप्प बसले असता धृतराष्ट्राचा एक तरुण पुत्र, विकर्ण, उठून ती जिंकली गेली नाही असे स्पष्ट सांगतो. त्या सभेत न्यायाची ही एकच संधी निर्माण झाली होती. विकर्णाचे म्हणणे खोडून काढण्यासाठी जो उभा राहतो तो कर्ण. तो क्रमाने युक्तिवाद करतो : युधिष्ठिराने सर्वस्व पणाला लावले, द्रौपदी त्या सर्वस्वात आली; जिला अनेक पती आहेत तिला कुलस्त्री म्हणता येत नाही; म्हणून तिला सभेत आणण्यात काही गैर नाही. शेवटी पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे काढून घ्यावीत, असे तो दुःशासनाला सांगतो. याला क्षणिक संतापाचा उद्गार म्हणता येत नाही. हे वकिली भाषण आहे. ज्याला आयुष्यभर 'सूतपुत्र' या एका शब्दात बंद केले गेले, तो एका स्त्रीला 'दासी' या एका शब्दात बंद करण्यासाठी आपली सारी बुद्धी खर्च करतो. मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या नावापाठीमागच्या दर्जावर मोजण्याची जी रीत कर्णाच्या मुळावर आली, तीच त्याने येथे शस्त्रासारखी वापरली.

याच सभेतील आणखी एक तपशील क्वचितच उद्धृत होतो. द्रौपदीने वर मागून पतींना दास्यातून सोडविल्यानंतर कर्णच म्हणतो की, असे कृत्य कोणा स्त्रीने केल्याचे आजवर ऐकिवात नाही. बुडणाऱ्या पांडवांना ही तारणारी नौका झाली. यात पांडवांना टोमणा आहे आणि भीम त्याने खवळतोही. परंतु टोमण्याच्या आत स्तुती आहे, आणि ती स्तुती खरी आहे. काही वेळापूर्वी आपण जिला दासी ठरविले तिची योग्यता कर्णाला कळलेली आहे, असे येथे दिसते. अपराधाची जाणीव पुढे कधीतरी उपजली असे मानण्याचे कारण नाही. तिचे बीज त्याच सभेत आहे.

त्या जाणिवेचा पहिला स्पष्ट उच्चार उद्योगपर्वात होतो. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो. अधिरथ आणि राधा यांचे प्रेम, सूतकुळातील विवाह आणि संतती, दुर्योधनाच्या आश्रयाने तेरा वर्षे भोगलेले ऐश्वर्य, ही त्याची कारणे सर्वपरिचित आहेत. मग तो युद्धाचे वर्णन शस्त्रयज्ञ म्हणून करतो आणि त्या रूपकाच्या ओघातच कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कटू बोललो त्या कर्माने आज मला ताप होत आहे. त्यानंतर तो आपल्याला पडलेले स्वप्नही सांगतो : शुभ्र वस्त्रे आणि शुभ्र पागोटी धारण केलेला युधिष्ठिर भावांसह सहस्रस्तंभी प्रासादावर चढत आहे. म्हणजे आपण चुकलो हेही त्याला ठाऊक आहे आणि आपण हरणार हेही. इतके जाणून तो आपल्या पक्षात परत जातो.

या कबुलीत एक उणीव आहे. पश्चात्ताप आहे तो पांडवांना बोललेल्या शब्दांचा. द्रौपदीचे नाव तेथे येत नाही. पांडव आपले भाऊ आहेत हे कळल्या क्षणी भावांविषयीची कणव जागी होते, हे मानवी आहे. पण ज्या व्यक्तीचा सर्वाधिक अपराध झाला तिच्यापर्यंत ही कणव पोहोचत नाही. कृष्णाने कर्णपर्वात द्रौपदीचे नाव घेणे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. उद्योगपर्वात कर्णाने जो हिशोब अर्धा मांडला तो कृष्ण पुरा करतो, आणि तो पुरा झाल्यावर कर्णाजवळ शब्द उरत नाहीत.

अपराधाबरोबर अपयशाचाही विचार केला पाहिजे. कर्णाच्या निर्धारावर दोहोंचा भार आहे. घोषयात्रेत चित्रसेन गंधर्वापुढे कर्णाला रणातून निघून जावे लागले, दुर्योधन बंदी झाला, आणि त्याला सोडविले ते पांडवांनी. कर्णाच्या मैत्रीवरचा हा सर्वांत मोठा डाग होय. दुर्योधनासाठी जगणारा मित्र दुर्योधनाला नेमक्या वेळी राखू शकला नाही. त्यानंतर वनपर्वातच कर्ण प्रतिज्ञा करतो की, अर्जुनाचा वध होईपर्यंत मी पाय धुऊन घेणार नाही. प्रतिज्ञेच्या भव्यतेमागे आधीच्या पळाची बोचणी आहे, हे क्रम पाहिला की लक्षात येते. पुढे विराटनगरीच्या गोग्रहणातही अर्जुनाकडून पराभवच पदरी येतो. दातृत्वाचा कर्णाचा नेमही याच काळात अधिक कठोर होतो आणि तो इंद्राच्या पथ्यावर पडतो. सहजकवच असलेला वीर बाहेरून अभेद्य असतो. परंतु प्रतिज्ञेवर प्रतिज्ञा चढविण्याची गरज अभेद्य मनाला भासत नाही. कवच अंगावर असतानाच कर्ण आतून जखमी झालेला होता.

शरपंजरी पडलेल्या भीष्मांची भेट हा या मालिकेतला दुसरा कबुलीचा प्रसंग. रागाने वा अविचाराने जे काही उणेअधिक बोललो त्याची क्षमा करावी, असे कर्ण म्हणतो. भीष्मही आपला कठोरपणा त्याचे तेज उणे करण्यासाठी होता, असे सांगून त्याला जवळ घेतात आणि भावांशी मिळण्याचा सल्ला देतात. कर्ण वैर सोडता येणार नाही असे सांगून लढण्याची अनुज्ञा मागतो. कृष्णापुढे आणि भीष्मापुढे एकच आकृती उमटते : चूक मान्य, मार्ग तोच. पहिल्या दोन प्रसंगी समोरचा मनुष्य कनवाळू आहे. तिसऱ्या प्रसंगी, चाक रुतल्यावर, तो कठोर आहे. कबुलीचे शब्द लोप पावतात आणि तिची केवळ शारीर खूण, झुकलेली मान, शिल्लक राहते.

आता मराठी परंपरेकडे येऊ. मोरोपंतांनी कृष्णाच्या प्रश्नमालेला आर्यांच्या साच्यात असे बसविले की, तोच प्रश्न पालुपदासारखा फिरून फिरून येतो आणि प्रत्येक वेळी कर्णावर नवा घाव घालतो. वक्तृत्व म्हणून त्याची बरोबरी करणारी जागा पंडिती काव्यात थोडी सापडेल. मात्र या यशाचीच एक किंमत द्यावी लागली. प्रश्न इतका धारदार झाला की तो प्रसंगापासून सुटून स्वतंत्रपणे हिंडू लागला. आज तो उच्चारला जातो तो बहुधा प्रतिपक्षाचे तोंड बंद करण्यासाठी. ज्याने स्वतः काही केले तो दुसऱ्याला धर्म शिकवू शकत नाही, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ उरला. प्रश्न स्मरणात राहिला, आणि प्रश्नानंतर ज्याने मान खाली घातली तो विस्मरणात गेला. विधानसभेत हा प्रश्न विचारला गेला असता कोणी मान खाली घातल्याचे उदाहरण मिळणे कठीण आहे, हा भाग निराळा.

कादंबऱ्यांनी याची उलट बाजू उचलली. येथे एक पाठचिकित्सेचा मुद्दा आड येतो. सावंत आणि देसाई या दोघांनीही स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसंग घेतला आहे, आणि द्यूतसभेतील कर्णाच्या वर्तनाला त्या नकाराची पार्श्वभूमी मिळाली आहे. अपमानाची परतफेड अपमानाने झाली, अशी वाचकाची धारणा यातून तयार होते. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हा नकार मुख्य पाठात नाही; तो तळटीपांत गेला आहे. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्येच पूर्ण झाले होते. त्या पाठानुसार कर्ण, शल्य इत्यादी नामांकित वीरांना ते धनुष्य वाकविता आले नाही, एवढेच. कादंबरीकाराने चिकित्सक पाठ पाळावा असे बंधन अर्थातच नाही. देसाईंनी तर आपला कर्ण महाभारतात शोधण्याऐवजी मनात शोधण्याचे आवाहन प्रारंभीच केले आहे. परंतु परिणामाचा विचार करावाच लागतो. नकार काढला की द्यूतसभेतील भाषणाला खासगी सूडाचे निमित्त उरत नाही. मग उरते ते अपयश, मत्सर आणि आश्रयदात्याला खूश ठेवण्याची ओढ. आणि उद्योगपर्वात कर्णाने स्वतः जे कारण दिले तेही नेमके हेच आहे.

'मृत्युंजय'ची रचना या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. नऊ खंडांतील आत्मनिवेदने सहा व्यक्तींची आहेत : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. आई, मित्र, पत्नी, भाऊ आणि अखेरीस प्रत्यक्ष भगवंत. एका पौराणिक व्यक्तीकडे सहा अंगांनी पाहण्याचे हे धाडस मराठी कादंबरीला नवे होते, आणि वृषाली व शोण यांच्या तोंडून सामान्य घरातला कर्ण उभा करण्यात सावंतांनी जे साधले ते अस्सल आहे. तथापि या सहांत द्रौपदी नाही. कर्णावर प्रेम करणाऱ्यांना वाणी मिळाली, कर्णाने ज्यांना दुखविले त्यांना मिळाली नाही. कर्णाचा पश्चात्ताप कादंबरीत नाही असे नव्हे. पण तो त्याच्या स्वगतात राहतो, तेथे त्याला उलट विचारणारे कोणी नसते. अखेरचा खंड श्रीकृष्णाचा असला तरी तो कर्णाचे मोठेपण जाणणारा श्रीकृष्ण आहे. फिर्यादीची भूमिका त्याच्या हातून गळून पडली आहे. अपराधभावाला समोर दुसरे माणूस लागते. ते नसेल तर अपराधभाव हळूहळू दुःखाचे रूप घेतो, आणि दुःखी नायकावर वाचक प्रेम करू लागतो. 'राधेय'ची पद्धत निराळी, निवेदन तृतीयपुरुषी, भाषा अधिक संयत. पण कलंकापेक्षा काळोख रंगविण्याकडे देसाईंचाही कल आहे.

'मृत्युंजय' ज्या वर्षी आली त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले, हा योगायोग अभ्यासकांना मोलाचा आहे. चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून इरावतीबाईंनी कर्णाचा शोध 'मी कोण?' या प्रश्नाच्या अनुरोधाने घेतला आणि द्यूतसभेतील वर्तनाबद्दल त्याला सहानुभूतीची सूट दिली नाही. वाचकांनी मात्र कौल दिला तो कादंबरीला. यात वाचकांचे अज्ञान पाहणे अन्यायाचे होईल. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. साठ-सत्तरच्या दशकांत दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यांतून महाविद्यालयात येणारी पहिली पिढी 'कुळ कोणते?' हा प्रश्न पुस्तकात नव्हे, जगण्यात ऐकत आली होती. गुणवत्ता असूनही दारात अडविला गेलेला कर्ण त्या पिढीला आपला वाटला, आणि तो आपला वाटण्यात एक सामाजिक सत्य होते. वारणाकाठच्या वर्गात आजही कर्णाविरुद्ध बोलणे जड जाते ते यामुळेच. द्यूतसभेतील भाषण मुळाबरहुकूम वाचून दाखविले की वर्ग अस्वस्थ होतो. आणि ती अस्वस्थता विद्यार्थी व विद्यार्थिनी यांच्या बाबतीत सारखी नसते.

पाश्चात्य साहित्यात या समस्येला जवळचे उदाहरण कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम'चे (१९००). शेकडो यात्रेकरू असलेले जहाज सोडून उडी टाकलेला जिम उरलेले आयुष्य त्या एका उडीची भरपाई करण्यात घालवितो आणि शेवटी मरण पत्करतो. अमेरिकन चित्रकथांतील स्पायडरमॅन (१९६२) हा अतिमानवी वीरही एका हातून सुटलेल्या चोराच्या आणि त्यामुळे झालेल्या काकाच्या मृत्यूच्या ओझ्याखाली वावरतो. या दोन्ही ठिकाणी अपराधभाव हा निर्धाराचा उगम आहे : चूक झाली, म्हणून आता योग्य बाजूने उभे राहावयाचे. कर्णाच्या बाबतीत हे सूत्र लागू पडत नाही. त्याचा निर्धार चुकीच्या आधीपासूनचा, मैत्रीला दिलेला आहे, आणि चूक त्याच निर्धारातून घडली आहे. अपराधाचे परिमार्जन करावयाचे तर शब्द मोडावा लागतो. शब्द पाळावयाचा तर अपराध तसाच ठेवावा लागतो. म्हणून ॲरिस्टॉटलच्या प्रमादकल्पनेत कर्णाला बसविण्याचा जो प्रयत्न आपल्याकडे होतो तो अपुरा पडतो. त्या कल्पनेतील नायकाला आपली चूक उशिरा कळते. कर्णाला ती वेळेवर, युद्धापूर्वी कळलेली असते.

मृत्युशय्येवर सोन्याचा दात उपटून दान करणाऱ्या कर्णाची लोककथा येथे आठवते. लोकमानसाने त्याला एक शेवटचे दान देऊन त्याचे खाते पुरे केले. व्यासांनी तसे केलेले नाही. त्यांच्या कर्णाचे खाते मृत्यूनंतरही उघडेच राहते. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर नारदाला सांगतो की, द्यूतसभेत कर्णाचे कठोर शब्द ऐकून आपण संतापलो होतो, परंतु त्याच्या पायांकडे दृष्टी जाताच तो संताप शमत असे. ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसत आणि त्याचे कारण मात्र उमगत नसे. पुढे अर्जुनवधापर्यंत न धुण्याची प्रतिज्ञा ज्यांच्याविषयी झाली, तेच हे पाय. युधिष्ठिराचा शोक भावासाठी आहे आणि त्याचा रोष रहस्य लपविणाऱ्या मातेवर आहे. द्रौपदी त्याच शिबिरात आहे. कर्ण थोरला दीर होता हे कळल्यावर ती काय म्हणाली, याची नोंद त्या प्रसंगी कोठेही नाही.